खोक्यातली ऊब

कोंबडी नव्या पिल्लांजवळ कुणाला फिरकू देईना. दादाला टोचून टोचून तिनं हैराण केलं, तेव्हा त्यानं तिला कापलंच. "पिल्लांना आई नाही, ऊब लागते," म्हणत त्यानं फळ्या ठोकून खोकं बनवलं, भुसा अंथरला, वर बल्ब टांगला. गारठली की पिल्लं बल्बखाली गोळा होतात, उकडलं की पांगतात. एवढं सोपं असतं. आमची मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात दाटीवाटीनं शिरली. दादानं बल्ब तिकडे सरकवला. ती समोरच्या कोपऱ्यात गेली. पुन्हा सरकवला, पुन्हा तेच. "डोक्यावर पडलीत सगळी!" वैतागून त्यानं पिल्लं उचलायला हात घातला आणि ओरडून मागे घेतला. मनगटातून रक्त येत होतं. पिल्लांची चोच तर तांदळाच्या दाण्याएवढी. आईनं वाकून पाहिलं, बल्ब बंद केला. "गारठून मरतील," दादा पुटपुटला. "नाही मरणार. तिच्या डोळ्यांवर उजेड येतोय."