तन्मयचा नंबर

पाचव्या किलोमीटरला मृदुलाच्या लक्षात आलं, की आपण पळत नाही आहोत. नुसते पायच पळताहेत.

धावमोजे नेहमीचेच होते. छातीवरच्या नंबरात ज्याचं वय आणि दम नोंदलेला असेल, त्याच्या ताकदीने ते पाय पळवायचे आणि शेवटची रेषा ओलांडली की आपोआप सैल व्हायचे. यंदा तिची नोंदणी हुकली होती. ग्रुपमधल्या तन्मयचा पाय मुरगळला होता, मग त्याचा नंबर वाया का घालवायचा? असं तर सगळेच करतात. फक्त तन्मय सव्वीस वर्षांचा होता आणि मृदुला अठ्ठावन्न.

"दादा, थांबवा हो मला!" पाण्याच्या टेबलाजवळून फरफटत जाताना ती ओरडली.

तिथल्या स्वयंसेवकाने हातातल्या स्क्रीनवर तिच्या नंबराची नोंद पाहिली आणि तो हसला. "घाबरू नका, ताई! तुमची निम्मी ताकदसुद्धा अजून लागलेली नाही."

छातीत कळ आली. दात आवळून ती अंतर मोजत राहिली. एकवीस किलोमीटर, की सुटलो. दरवर्षी ती अर्धीच मॅरेथॉन पळायची.

अखेर एकविसाव्याची कमान दिसली. अर्ध्या मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेकडे जाणाऱ्या उजव्या वळणावर नवरा, श्रीपाद, लिंबू सरबताची बाटली घेऊन उभा होता. "अगं, इकडे! इकडे वळ!"

तेव्हा तिला आठवलं. तन्मय पूर्ण मॅरेथॉन पळतो.

तिने सगळं अंग उजवीकडे झोकलं. पाय सरळच गेले.

मागे श्रीपाद कौतुकाने टाळ्या वाजवत होता.