गजाला कान

धरणाचं पाणी आठवड्याने सुटणार होतं आणि गावच्या टाकीतलं दोन दिवसांपुरतं पाणी कुठेतरी गळत होतं. भर दुपारी गळती शोधणारे आजोबा रस्त्यावर लोखंडी गज टेकवून त्याला कान लावत निघाले.

नळ सगळे बंद होते. तरी जमिनीखाली कुणीतरी गटागट पाणी पीत होतं.

आवाज वाढत वाढत त्यांच्याच उंबऱ्याशी आला.

"अहो, सापडली का गळती?" दारातून आजी म्हणाली. "की देवाने कान नुसते चष्मा अडकवायला दिलेत?"

आजोबांनी गज टेकवला. पिणं थांबलं.

"देवा, घरात तान्ही नात आहे. तिच्यापुरतं तरी राहू दे," ते पुटपुटले.

गजातून धाप ऐकू आली. मग खालून कुणीतरी आजोबांना अगदी मायेने विचारलं, "अजून किती उरलंय, बाळा?"