अकरा स्वच्छ फोटो

मैलापूरच्या आपल्या स्टुडिओत सेतुमाधव अर्ध्या ब्लेडनं फोटोंवरचे बारीक काळे ठिपके खरवडत बसले होते. डागाळलेला फोटो त्यांनी तीस वर्षांत कधी हातातून सोडला नव्हता. त्यातून हे फोटो उद्या सुनावणीत जायचे होते. वनउद्यानातल्या डोंगरावर रिसॉर्ट बांधायला निघालेल्या कंपनीला, तो डोंगर ओसाड आहे एवढंच दाखवायचं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. सेतुमाधव स्वतः तिथं दिवसभर कॅमेरा लावून बसले होते. समोरच्या उतारावर चिटपाखरू दिसलं नव्हतं.

अकरा फोटो स्वच्छ झाले. बाराव्याला ब्लेड लावणार, तोच लेकीनं, कनकानं, त्यांचं मनगट धरलं.

“अप्पा, हे डाग नव्हेत.”

“मग काय?”

“फोटो वाळत घालताना मी ओळीनं पाहिले. पहिल्यात हे ओढ्यापाशी होते. इथं कड्यावर पोचलेत. डाग कधी डोंगर चढतात का?”

सेतुमाधवांनी भिंग लावलं. ठिपक्याला शिंगं होती. प्रत्येक ठिपक्याला. साठ-सत्तर रानबकऱ्यांचा कळप कडा चढत होता, आणि सगळ्यात पुढचा बोकड थांबून थेट त्यांच्याकडं बघत होता.

“ते अकराही पुन्हा छाप,” ते म्हणाले. “ब्लेड न लावता.”

टेबलावर खरवडलेली काळी भुकटी पडली होती. एरवी ते ती फुंकर मारून उडवून देत. आज त्यांनी श्वास रोखून धरला.