केवटाची नाव

रामनवमीला शिरपूरचे बुवा रामाला गंगापार नेणाऱ्या केवटाचं आख्यान लावणार म्हटल्यावर चुडामणआबांनी हट्टच धरला, देवळासमोर खरीखुरी नाव हवी! तापीच्या घाटावर माणसं पार नेणाऱ्या दोनच नावा होत्या. मोठी नाव चाकांवर चढवून बैलगाडीमागे दोरानं बांधली, तर उतारावर ती मागून गाडीवरच धावून आली.

"आबा, मोठीले ताठ लाकडी दांडी लागी, धाकली हलकी शे, तिले दोर चाली," सुकदेव गाडीवान म्हणाला. "कोणती लई जाऊत?"

"दोन्ही ने रे बाबा! बुवाच निवडतील."

दोन्ही नावा फुलांनी नटून देवळापुढे आल्या. टाळकरी जमले, आबांचा ऊर भरून आला. पण रामजन्माची वेळ झाली तरी बुवांचा पत्ता नाही, म्हणून आबांनी सुकदेवला नदीकडे पिटाळलं.

तो धापा टाकतच परतला. "आबा, बुवा नदीना पल्याड उभा शेतस… नाव मांगी ऱ्हायनात!"