काळी पट्टी

पोरीच्या कपाळावरच्या तापाच्या पट्टीवर एकशे चारचा आकडा हिरवा झाला, तशी दीपमालानं चपला पायात सारल्या. आता लेकीला दवाखान्यातच न्यायचं. नेमका तेव्हाच कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला.

पाच दिवसांनी उगवला होता मेला. वाळूजच्या त्या पत्र्याच्या खोल्यांत टँकर चुकला, की पुढं पाच दिवस घसा ओला करायची मारामार. पोरीच्या कपाळावरच्या घड्या भिजवण्यात शेवटचा तांब्याही संपला होता.

पट्टी दीपमालाच्या नवऱ्यानं, सोमनाथनं आणली होती. बोटभर लांब, प्लास्टिकची. नव्व्याण्णव ते एकशे चार असे आकडे. जो हिरवा होईल तेवढा ताप. शिफ्टला जाताना त्यानं ती स्वतःच्या कपाळाला लावून दाखवली. काळीच्या काळी राहिली. म्हणजे ताप नाही, असं त्यानं सांगितलं.

दीपमाला पोरीला उचलायला वाकली, तर एकशे चारचा हिरवा रंग निळा झालेला. बघता बघता निळाही विझला. पट्टी काळी! तिला हुंदकाच फुटला. देवानं ऐकलं म्हणायचं.

वैजापूरची विहीर आटल्यापासून सासू, चतुराबाई, इथंच राहायला होती. तिनं नातीच्या गालाला हात लावला.

"लेकरू लई भाजतंय गं."

"आत्या, या पत्र्याखाली उशीबी भाजती. पट्टी काळी हाय. ताप गेला."

सासूनं हात काढून घेतला. शिकलेल्या सुनेपुढं आपल्या हाताचं काय खरं? ताप उतरल्यावर वारं लागू नये म्हणून तिनं नातीवर गोधडी घातली. दीपमालानं हंडे उचलले. रांगेत तासभर उभी राहिली, दोन बायांशी भांडली, दोन्ही हंडे भरून आणले.

पोर निपचित पडली होती. हाक मारली, तर पापणीही हलली नाही. झोपली असेल, म्हणून दीपमालानं पट्टी जपून सोडवली आणि ओल्या, गार तळव्यावर ठेवली.

काळ्या पट्टीवर एकशे चार उजळला. मग एकशे तीन. मग एकशे दोन. एकेक आकडा हिरवा होत खाली आला, नव्व्याण्णवपाशी विझला आणि पट्टी पुन्हा काळी झाली.

दीपमाला तळव्याकडं बघत राहिली. एकशे चारच्या वर पट्टीला आकडाच नव्हता.