संकटकाळी कोणाला कळवायचं?

बोरुडे सर बसच्या दारात उभे राहून प्रत्येकाने दिलेला ‘संकटकाळी संपर्क’ स्पीकरवर लावून बघत आणि मगच त्याला आत सोडत. गेल्या सहलीत एका पठ्ठ्याने चक्क मेसच्या आचाऱ्याचा नंबर दिला होता. तेव्हापासून विद्यापीठाचे सुरक्षा नियम सरांच्या अंगातच आले होते.

हर्षाली पुढे आली. सरांनी तिने दिलेला नंबर लावला आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रणितचा खिसा वाजू लागला. बसमधून शिट्ट्या आल्या. वर्षभर जपलेलं गुपित भर रांगेत फुटलं आणि हर्षाली लालेलाल झाली.

“अगं, बस दरीत गेली तर हाही तुझ्याबरोबरच जाणार ना! घरचा नंबर दे.”

“सर, आईला नको ना!” ती काकुळतीला आली. “तिला याच्याबद्दल काहीच माहीत नाही. कळलं तर घरीच बसवेल मला.”

“बरं, आधी याचा बघू.” सरांनी प्रणितने दिलेला नंबर लावला. प्रणित मान खाली घालून स्वतःचे बूट न्याहाळू लागला.

“हॅलो, विद्यापीठातून बोलतोय. प्रणित तुमचा कोण?”

“होणारा जावई म्हणा की!”

तो आवाज ऐकून हर्षालीने बसचा दांडा घट्ट धरला. आई!

“त्याला गाडी लागते, सर. खिडकीशी बसवा. आमची हर्षाली फोन उचलत नाही, म्हणून तिची खुशाली मी त्यालाच विचारते. पण तिला सांगू नका हं, मला माहीत आहे म्हणून. फार घाबरते हो ती मला.”