लाल खुंट

टेकाडापलीकडच्या लाल खुंटापाशी आर्मास दर मोटारशर्यतीला खुर्ची टाकून बसे. तीस वर्षांपूर्वी त्याची गाडी टेकाडावरून उडून थेट इथं उतरली होती. शर्यत तो हरला होता, पण एवढी उडी पुन्हा कुणाला जमली नव्हती. आज त्याची नात येणार होती, गोठलेल्या तळ्यावर त्यानेच गाडी शिकवलेली, एकोणिसाव्या वर्षीच भल्याभल्यांच्या पुढे गेलेली. "पोरगी तुझा खुंट ओलांडते बघ!" शेजारच्या काउकोने डिवचलं. गाडी गरजत आली. माथ्यावर पोरीने क्षणभर वेग आवरला. गाडी जेमतेम उडाली, खुंटाच्या कितीतरी अलीकडे टेकली आणि धुरळा उठायच्या आत वळणापार झाली. गर्दी हळहळली. आर्मासने मात्र टोपी काढली. मग खुंट उपटला. "अरे, विक्रम तुझाच राहिला की!" काउको म्हणाला. "मी त्या वर्षी का हरलो, ते आज कळलं. हवेत चाकांना जोर नसतो. चल, सौनाची, वाफेच्या न्हाणीची भट्टी यावरच पेटवू."